चौदाशे बाराव्या ओळीपासून

१४ जुलै
गोरे सरांचा पेपर छापून आला. पुण्यातल्या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची नावं आहेत, आमचं एकाचंही नाही. डेटा मात्र सगळा आमचा. शेतकरी वापरतात त्या मोबाइल ॲपांवरच्या साडेतीन हजार मराठी तक्रारी, आणि प्रत्येकीला एक लेबल: बिघाड, मागणी, नाहीतर नुसता राग. माझ्या विद्यार्थिनींनी, रेणुकानं आणि सानियानं, इथं धाराशिवला, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बसून लावलेली. पेपरच्या शेवटी एक ओळ आहे, ‘मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचे आभार’. दोन वर्षं संयुक्त संशोधन, संयुक्त संशोधन करत होता माणूस. यापुढे वहीत तो नुसता गो. त्याला सर म्हणणं बंद.

याच डेटावर माझ्या पीएचडीचं चौथं प्रकरण उभं आहे. त्याचं आधी छापलं गेलं. म्हणजे आता चोर मी ठरणार. चहा दोनदा केला, दोनदा ओतून दिला.

१५ जुलै
रेणुकाला दाखवला. तामलवाडीहून एसटीनं येते, फायनलला आहे. एमटेकच्या अर्जात हा पेपर लिहून बसलीय. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत दोनदा गेली.
“मॅडम, माझं नाव कुठंय?”
काय सांगू? सानिया शेजारी उभी. दोघींना कँटीनला पाठवलं आणि दार लावून घेतलं. रडले नाही. दात-ओठ खात बसले.

१७ जुलै
गो.ला फोन केला. चौथ्यांदा उचलला.
“अहो मॅडम, टीमवर्क असतं हे. तुमच्या मुलींनी टायपिंगचं काम केलं. आयडिया आमची होती ना?”
टायपिंग! मी म्हटलं, माझं चौथं प्रकरण? म्हणाला, “आमचा संदर्भ द्या, झालं.” माझ्याच घरात शिरायला याची परवानगी.
ठरवलं. याला नाक घासायला लावायचं. न्याय वगैरे नंतर बघू, आधी नाक.

२० जुलै, नळदुर्ग
आईकडे आले. हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. तिला पेपर म्हणजे सकाळी येतो तोच माहीत, पण चोरी लगेच कळली.
“सोडू नगंस त्येला. तुज्या आप्पांनी सोडलं, म्हनून शेजाऱ्यानं बांध सरकवला. अजून तितंच हाय त्यो.”
मी म्हटलं, पुरावा लागतो अव्वा.
“मंग शोद की. शिकलीस कशाला येवडं?”
येताना तिनं शेंगाचटणी बांधून दिली.

२२ जुलै
सापडलं!! गो.नं आपली फाइल जगासाठी उघडी ठेवलीय, ती आमच्या फाइलशेजारी लावून ओळ न् ओळ वाचत होते. चौदाशे बाराव्या ओळीपासून गंमत सुरू. ‘पासवर्ड विसरलो, काय करू’ याला लेबल ‘नुसता राग’. आणि ॲपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या गड्याला ‘मागणी’. रेणुकाकडून तिथं एक ओळ सुटलेली, त्यामुळे लेबलं एक घर वर सरकली. चाळीस-चाळीसचे गठ्ठे करून काम चालायचं, म्हणून पुढच्या गठ्ठ्यापासून पुन्हा जागेवर. आमचीच चूक, आणि ती गो.च्या फाइलीत जशीच्या तशी. डेटा त्याचा असता तर हीच चूक, याच ओळीवर, आली कुठून?
वर्षभरात मला एवढा आनंद झाला नव्हता. नरडं हातात आलंय.

२३ जुलै
हे काय झालं.
पद्धत अशी की दोघींनी एकमेकींचं न बघता लेबलं लावायची आणि मग किती जुळतात ते मोजायचं. त्या जुळण्यावरच डेटाची पत. आमचं इतकं जुळलं होतं की मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. आज पुराव्याला जोडायची म्हणून सानियाची वेगळी फाइल उघडली. तिथंही चौदाशे बाराव्या ओळीपासून गठ्ठा संपेपर्यंत लेबलं सरकलेली.
दोघींची एकच ओळ चुकणं शक्य नाही. 

२४ जुलै
दोघींना समोर बसवलं. सानिया रडायलाच लागली. रेणुका बोलली.
“तिला टायफाइड झालता मॅडम. तिचं काम मागं पडाय लागलं, म्हणून म्या माझी फाइल दिली. निम्म्याच्या वर तिनं स्वतः केलंय.”
मी ओरडले. वेगवेगळं करायचं म्हणून सांगितलं होतं की नाही?
“सांगितलं होतं. पण मॅडम, प्रॅक्टिकलचं जर्नलपण आम्ही असंच लिहितो. एकीचं बघून सगळा वर्ग. तुम्ही सही करता की.”
चौदा वर्षं करतेय. पन्नास जर्नलं, एकच आकृती, एकच खाडाखोड, आणि खाली माझी सही. कोण वाचतं? कुणीच नाही. मुलींना वाटलं, हेही त्यातलंच.
म्हणजे गो.ला धरायचा पुरावा हा, आणि आम्हाला बुडवणाराही हाच. फाइल दाखवली की तो म्हणणार, बघा, यांच्या मुली कॉपी करतात, माझी फसवणूक झाली. प्रकरण ४ कचऱ्यात. रेणुकाचा अर्जही.

२८ जुलै
एचओडी खुशीत. पुण्याचे मोठे प्राध्यापक आपल्याकडे कार्यशाळेला येताहेत. विषय: संशोधनातील नीतिमत्ता. प्राध्यापक कोण? गो.!
“मॅडम, तुमची ओळख आहे. शाल-श्रीफळ तुमच्याच हस्ते ठेवलंय.”
हो म्हटलं. हसले सुद्धा. एचओडींना वाटलं, मला मान मिळाल्याचा आनंद झाला.

२ ऑगस्ट
घातली शाल. खांद्यावर नीट बसवली. गो. कानाशी पुटपुटला, “राग गेला ना?” मी नारळ त्याच्या हातात जरा जोरातच दिला.
तासभर बोलला. इतरांच्या कामाचा आदर, वगैरे. ‘तुमच्या भागातली मुलं कष्टाळू असतात,’ हेही. मग प्रश्नोत्तरं. माईक मी घेतला. तिसऱ्या रांगेत रेणुका मान खाली घालून. तिला वाटलं, मी आता सगळं ओकणार.
मी एवढंच विचारलं, “सर, तुमच्या पेपरात दोघांनी वेगवेगळी लेबलं लावली असं म्हटलंय. ती खरंच न बघता लावली, हे तुम्ही कसं तपासलं?”
गो.नं शाल सावरली. मग दोनशे पोरांसमोर म्हणाला, “मी स्वतः. माझ्या लॅबमध्ये, दोघांना दोन खोल्यांत बसवून.”
कॉलेज सगळ्याचं चित्रीकरण करतं. मी थँक्यू सर म्हणून खाली बसले. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

३ ऑगस्ट
मेल लिहून ठेवला, पेपर छापणाऱ्यांना. नावागावाशिवाय. चित्रफीत जोडली, त्यानं उघड्या ठेवलेल्या दोघांच्या लेबलांत त्याच ओळी सरकलेल्या दाखवल्या. लिहिलं: या डेटात नक्कल आहे, आणि हे गृहस्थ सांगतात की तो त्यांनी समोर बसून करून घेतला. बस्स. आमचा उल्लेखच नाही. कॉपी त्याच्या खोलीत झाली, जबाब त्यानं द्यावा. आमच्या तक्रारींना मी दुसऱ्या मुलींकडून नव्यानं लेबलं लावून घेईन. प्र. ४ चार महिने लांबेल, पण वाचेल. रेणुका-सानियाला कुणी विचारायलाही येणार नाही. गो. एकटा बुडेल, स्वतःच्या तोंडानं.
इतकं सुबक काम मी पीएचडीत केलेलं नाही.

४ ऑगस्ट
रेणुकाला वाचून दाखवला. वाटलं होतं, खूश होईल. तिनं बॅगेतून कागद काढला. तिचंही पत्र तयार. डेटा आमचा आहे. त्यातला काही भाग आम्ही नक्कल केला, ती चूक आमची आहे. खाली तिची सही, सानियाची सही, आणि मार्गदर्शक म्हणून माझं नाव. पुढे सहीची जागा कोरी.
मी म्हटलं, वेडी आहेस का? एमटेक जाईल. माझी पीएचडी जाईल. त्याला आयतं कोलीत मिळेल हातात.
“माहितीय मॅडम.”
मग कशाला?
“तुमच्या मेलनं सर बुडतील. पण ते काम सरांनीच केलं, असं पक्कं होईल. साडेतीन हजार तक्रारी वाचल्या मी. ते सगळं त्यांचं, असं मी कसं म्हणू?”
भडकले. म्हटलं, तुझं नाव मिळेल ते कॉपी करणारी म्हणून मिळेल.
“मिळू दे. माझं तर असंल.”
एवढं बोलून बस गाठायला गेली. कागद टेबलावर.

५ ऑगस्ट
सही केली नाही. मेल पाठवला नाही. चित्रफीत पुन्हा पाहिली. ‘मी स्वतः’ म्हणतो तेवढाच तुकडा, तीनदा. अजूनही तितकंच बरं वाटतं. लाज वाटायला हवी, ती वाटत नाही.
रेणुकाचा मेसेज आला. उद्या अकराला येते, कोणतं पाठवलं ते विचारायला.
कागद उचलून पेन घेतलं होतं. मग ठेवलं, आणि आधी माझाच मेल उघडला. पाठवायला की पुसायला, अजून ठरलेलं नाही.