मार्लकोटची दोन दारं

रविवार, ६ फेब्रुवारी १९४९

मार्लकोटला जागा मिळाली. गुरुवारी सासू-सासऱ्यांना पोचवायचं. त्यांच्या घराचं छप्पर कोसळलं, आमच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं — इलाज नाही. चॅपेलात गुडघे टेकले, पण प्रार्थनेत मन लागेना.

मार्लकोट एलिझाबेथ राणीच्या काळातला सरदारी महाल. वंशजांनी उधळपट्टीत घालवला. मग शंभर वर्षं गरीबखाना, लढाईत जखमी शिपायांचं इस्पितळ, आता कौन्सिलचा वृद्धाश्रम.

सासूबाईंना म्हटलं, "आई, गरीबखाना गेला. आता पडदे आहेत, गरम पाणी आहे."

"भिंती त्याच ना? माझी आई तिथेच मेली. बाप पलीकडे, पुरुषांच्या बाजूला — त्याला आठवड्यानं कळलं!"

मी शब्द दिला, तुम्ही दोघं एकत्रच राहाल. तिथला कारभार बघणाऱ्या मेट्रन तसं म्हणाल्यात.

सासरे हसले. "राणी तिथे एक रात्र राहिली म्हणे. बघू, मी तिच्याहून जास्त टिकतो का!"

गुरुवार, १०

आत शिरताच दोन दारं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे! "दोघांची खोली रंगवायची राहिलीय," मेट्रन म्हणाल्या. सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

रविवार, १३

आठवड्याची रेशनची साखर वाचवून केक नेला. सासूबाईंनी हात लावला नाही. "ते जेवतात का गं? मला कोणी सांगत नाही." तिथल्या बायकांना डाव्या बाजूला मज्जाव — गरीबखान्याचाच नियम!

सासऱ्यांचं तोंड भिंतीकडे. ताट तसंच. म्हणाले, "माझी थर्झा गेली असेल तर सांगून टाक, पोरी."

रंगाऱ्याचा पत्ता नाही.

मंगळवार, १५

घरी आणू म्हटलं. हे म्हणाले, "आणि ठेवू कुठे? कोळशाच्या कोठीत?" देवा, शब्द मी दिला होता.

गुरुवार, १७

मेट्रनचा निरोप — ताबडतोब या. काळा कोट घालूनच निघाले.

डाव्या दारानं नेलं. सासरे उशीला टेकून लापशी खात होते! पलंगाशी गुडघ्यांवर बसून सासूबाई फरशी घासत होत्या. त्या बाजूला फक्त झाडूपोछावालीला मुभा. ती जागा रिकामी होती, सासूबाईंनी मागून घेतली!

"समजवा हो यांना," मेट्रन म्हणाल्या. "एकाहत्तराव्या वर्षी!"

मी पुढे झाले.

"आधी पाय पूस," सासूबाई म्हणाल्या.