शुक्र दिसतो तोवर

आई, आज शुक्र दिसला, आणि तोही सूर्य मावळायच्या आधी. रोह्यात आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्या सावलीत उभं राहिलं की सूर्य टाकीआड जातो आणि वरचं आभाळ मोकळं मिळतं. पद्धत तुझीच. जोह्याला तू आपल्या गणपतीच्या कारखान्याच्या कौलांआड सूर्याला ठेवायचीस, पदराने कपाळ पुसायचीस आणि मान वर करून स्वस्थ उभी राहायचीस. "डोळं भिरभिर फिरवायचं नाय गो. एका जागी बघत ऱ्हायचं, तो आपणहून येतो." आणि तो यायचाच. निळ्या आभाळात पांढरा ठिपका, ब्रशचं टोक टेकवून लगेच उचलावं तेवढा.

हे आमच्या घरी गंमत म्हणून चालत नव्हतं. बाबा साचे भरायचे, मी आणि शेजारच्या बायका मूर्ती घासून गुळगुळीत करायचो, पितांबर आणि दागिने कुणीही रंगवायचं. पण गणपतीचे डोळे फक्त तू आखायचीस. चष्मा लागला की आखणाऱ्याचा हात गेला, असं गावात तेव्हा सगळेच मानायचे, आणि चष्म्याला तू जेवढी घाबरायचीस तेवढी सापालाही नाही. म्हणून दरवर्षी आखणी सुरू करायच्या आधी तू स्वतःची परीक्षा घ्यायचीस. तुझा नियमच होता, शुक्र दिवसा दिसतो तोवर ब्रश माझा. ज्या वर्षी तो पहाटेचा असे, त्या वर्षी तू अंधारात त्याला गाठायचीस आणि चांगलं उजाडेपर्यंत नजरेनं धरून ठेवायचीस. चहा मग मी करायचा. एखाद्या दिवशी चंद्राची कोर त्याच्या शेजारी आलेली असे. तिच्यावरून तो चटकन सापडतो, पण ते तुला चालत नसे. "चंद्राला इचारून शुक्र बघायचा म्हंजे कॉपी," असं म्हणून तू दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायचीस.

बाकीच्या ग्रहांची परीक्षा नव्हती, त्यांच्याकडे तू हौसेने बघायचीस. थंडीत शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लावली की मडकं शिजेपर्यंत आपण बांधावर बसलेले असायचो, आणि तू मला ग्रह रंगांच्या डब्यांवरून ओळखायला शिकवायचीस. मंगळ म्हणजे गेरू. गुरू म्हणजे गणपतीचा सुळा, हस्तिदंती. शनी म्हणजे मागच्या वर्षीचं वार्निश. मी पुढे पुस्तकांत बरंच वाचलं, पण अजूनही शनी दिसला की नाकाला वार्निशचा वास येतो.

मी पेणला कॉलेजात होते त्या वर्षीची गोष्ट. शुक्र संध्याकाळचा होता आणि तुला पहिल्याच दिवशी दिसला. तू खुशीत आखणीला बसलीस. पंधरवड्याने मुंबईचा व्यापारी पहिला माल बघायला आला. त्याने एक गणपती उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला आणि बाबांना हळूच म्हणाला, "काका, मूर्ती झकास आहे. पण हा माझ्याकडं बघत नाय. माझ्या मागं कोण उभं आहे काय?" बाबांनी ते गणपती मागच्या फळीवर नेऊन ठेवले आणि तुला सांगितलं, रंग सुकायचाय. मला मात्र दाराबाहेर नेऊन म्हणाले, "तूच सांग गो तिला. मी सांगितलं तर मला आज जेवन नाय." तू आत आखत होतीस. मूर्तीचा पाट मांडीवरून गुडघ्यावर गेला होता, गुडघ्यावरून समोरच्या स्टुलावर, आणि तुझा हात ताठ सरळ झाला होता. बाबांनी दारातून बघितलं आणि न राहवून बोललेच, "अशीच मागं मागं नेत ऱ्हायलीस तर गणपती वडखळच्या नाक्यावर जाईल." तू हसली नाहीस. "मला शुक्र दिसतो," एवढंच म्हणालीस.

शुक्र खरंच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्याबरोबर कौलांच्या सावलीत उभी राहिले. मला काही केल्या सापडेना. तू हात लांब करून बोट दाखवलंस, "त्यो काय, माझ्या बोटाच्या वर." मी आभाळाकडे बघायचं सोडून तुझ्या बोटाकडे बघितलं. नखाशेजारी काळ्या रंगाचा ठिपका होता, बुबुळाचा.

"आई, बोटाला काय लागलंय?"

"काळा रंग. का?"

"आता बोट जवळ आण. डोळ्यांपुढं."

तू आणलंस. कोपर वाकलं, बोट कपाळाच्या जवळ आलं आणि तू थांबलीस. पुन्हा हात लांब केलास, पुन्हा जवळ आणलास. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. ब्रश गेला तर तुझं काय राहील हे मला ठाऊक होतं. मग तू शुक्राकडे बघितलंस, बोटाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ह्यो मेला लांबचं तेवढं दाखवतो." आणि हसायला लागलीस. इतकी, की बाबा हातातला साचा टाकून बाहेर आले.

चष्मा पेणला केला. दुकानदाराने बारीक अक्षरांचा कागद दिला, तू तो घडाघडा वाचलास आणि त्याच्याकडे असं बघितलंस की जणू त्यानेच अक्षरं आधी लपवून ठेवली होती. पण खरी मजा एसटी स्टँडवर झाली. जोह्याची गाडी लागायची होती, पश्चिमेला नुकताच शुक्र उजळला होता, आणि तू चष्म्यातूनच वर बघितलंस. "अगो, शुक्र सुजला!" बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "बघ, बघ, लाडवाएवढा झालाय. परत देऊन ये हा चष्मा, मला नको." मी तुला समजावलं की हा जवळचा आहे, आभाळासाठी काढायचा आणि गणपतीसाठी लावायचा. गाडी येईपर्यंत तू तो काढत-लावत होतीस. शुक्र बारीक, शुक्र सुजलेला. शेवटी शेजारच्या मावशींनी मागून घेतला आणि त्यांनीही बघितलं.

सकाळी चष्मा लावून तू मागच्या फळीपाशी गेलीस. सगळे गणपती एका रांगेत होते. तू एकेकासमोर उभी राहिलीस, मग वाकलीस, मग मागे वळून आपल्या मागे काय आहे ते बघितलंस. दार होतं, पश्चिमेचं. "बाई गं," तू म्हणालीस, "हे सगळे माझ्या डोक्यावरनं शुक्र बघतायत." त्या आठवड्यात तू त्या सगळ्यांचे डोळे पुसून पुन्हा आखलेस. नंतर त्या व्यापाऱ्याने एक मूर्ती उचलली आणि पसंतीची मान डोलावली. तू त्याला चहा विचारलास, चष्मा डोक्यावर चढवून, मुकुट चढवल्यासारखा.

एक छोटी मूर्ती तेवढी तू तशीच ठेवलीस. माझं लग्न होऊन मी रोह्याला निघाले तेव्हा ती माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत घातलीस. "ह्याला पुजायचं नाय, म्हंजे बुडवायलाबी नको. ह्याला आभाळ दिसंल असा ठेव." तो अजून पश्चिमेच्या खिडकीत आहे. तू गेल्यावर घर तीनदा रंगवलं, त्याला मी हात लावू दिला नाही.

मी आता पेपरला बातम्या देते. वेळेत मजकूर पाठवायची सवय कुठून लागली असं कुणी विचारलं तर सांगते, चतुर्थी पुढं ढकलता येत नाही अशा घरातून. या उन्हाळ्यात शुक्र संध्याकाळचा आहे आणि गुरू त्याच्या वर, दोघांत दिवसेंदिवस अंतर कमी होतंय. परवा खाली चंद्राची कोर आली, तेव्हा मी शुक्र बघितला नाही, कॉपी नको म्हणून. आज बघितला. लेकीला हाक मारली. ती आली, तिलाही दिसला, आणि मग तिची नजर माझ्या मोबाईलकडे गेली. मी बातमी वाचत होते. "आई, हात अजून थोडा लांब कर, कोलाडपर्यंत पोचेल." आजोबांचा विनोद तिला कुणी सांगितलेला नाही.

मी तिला म्हटलं, मला शुक्र दिसतो.

हे पत्र तुझ्या गणपतीखाली ठेवून देते. एकदा वाचून चुका काढायला हव्या होत्या, पण आई, हात तेवढा लांब नाही.