कप्तान कंदील अजून लटकलेलाच

३ मार्च

ठक्... ठक्... ठक्-ठक्! कवितेच्या तासाला मास्तर छडीने टेबलावर ताल धरायचे, हुबेहूब तो आवाज. आज इतक्या वर्षांनी ऐकला — सूनबाईच्या प्रिंटरमधून! मी ड्रॉइंगचा जाड बोर्ड त्याच्या तोंडात कोंबला होता. त्याने तो चावला आणि परत थुंकला. मी मात्र डोळे मिटून केव्हाच तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो होतो. पुढची ओळ अगदी ओठांवर आली आणि सूनबाई ओरडली, "बाबा, बंद करा! जळेल तो!"

जाड बोर्ड मागच्या सरळ फटीतून घालायचा असतो म्हणे. पुढून घातला तर प्रिंटरला मान वळवावी लागते आणि ती वळत नाही. माझीही वळत नाही.

४ मार्च

हा खटाटोप कशासाठी ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच विसरायचो.

मुलांच्या मासिकात मी कप्तान कंदीलची चित्रकथा काढायचो. एका अंकात त्याला कड्याच्या टोकाला एका हाताने लटकवला, खाली 'पुढील अंकी' लिहिलं — आणि मासिकच बंद पडलं. तेव्हापासून बिचारा लटकलेला. तेव्हा मिशा काळ्या होत्या, त्याच्याही आणि माझ्याही.

शेवटच्या पानाचं पेन्सिलीचं कच्चं चित्र परवा ट्रंकेत सापडलं. पोस्टकार्डाएवढं. दोनच चौकटी. पहिलीत तो लटकतोय. दुसरीत सुखरूप उतरून एक दार ठोठावतोय. कुणाचं दार, ते तेव्हा सुचलं नव्हतं.

आता हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. कोऱ्या बोर्डावर नव्याने काढणं होत नाही. पण आयत्या रेषेवरून टाक फिरवता येईल — अजून येईल! म्हणून हा बेत: चित्र स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर मोठं करायचं, फिकट निळ्या रंगात बोर्डावर छापायचं आणि त्यावरून काळी शाई. यंदा त्याला खाली उतरवायचाच. पुढच्या वर्षाची खात्री कोण देणार?

६ मार्च

पहिला बोर्ड छापला. मोठं करताना जरा जास्तच मोठं झालं. अख्ख्या बोर्डभर कप्तानची एक नाकपुडी.

ही चष्मा लावून बघत राहिली. "कडा छान आलाय हो. गुहासुद्धा दिसतेय."

७ मार्च

निळा रंग फिकट होईना. सूनबाई म्हणाली, "अजून कमी करा बाबा, अजून — दिसेल न दिसेल इतका."

मास्तर आम्हाला कवितेचा अर्थ असाच सांगायचे.

९ मार्च

आज लेअर शिकलो. कडा एका लेअरवर, दार दुसऱ्यावर, कप्तान तिसऱ्यावर. काचेवर काच ठेवावी तसे. वर्गात सगळी पोरं एकच कविता म्हणायची, पण कान दिला की प्रत्येकाचा गळा वेगळा ऐकू यायचा — तसंच की हे!

प्रत्येक लेअरपुढे एक छोटा डोळा असतो. तो मिटला की तो लेअर दिसेनासा होतो. "पुसला जात नाही हं, नुसता लपतो," सूनबाईने बजावलं.

१० मार्च

जेवायची हाक आली. आपण जाऊन जेवायचं आणि त्याला तसंच लटकत ठेवायचं, बरं दिसेना. त्याच्या लेअरचा डोळा मिटला. म्हटलं, टेक जरा.

"कुणाशी बोलत होता?" हिने विचारलं.

"कप्तानशी."

"त्याचंही ताट घेऊ का?"

११ मार्च

घात झाला! डोळा उघडायचा राहिला आणि मी शेवटच्या बोर्डावर छापून मोकळा झालो. कडा आला. दार आलं. कप्तान नाही! दुकानदार म्हणतो, हा बोर्ड आता येतच नाही.

सूनबाईने धीर दिला. "तोच बोर्ड परत घालू. डोळा उघडा, कप्तान येईल आपल्या जागी."

डोळा उघडला. लेअर कोरा.

"पुसलात ना बाबा?"

"नाही गं! झोपवला होता फक्त."

एकेक पायरी मागे जाऊन तिने सगळं शोधलं. कुठे नाही. शेवटी ट्रंकेतलं कच्चं चित्र काढलं. कड्याच्या टोकावर चार बोटांच्या खुणा. माणूस नाही. दारापुढेही नाही.

सूनबाईने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. हिला मात्र काहीच वाटलं नाही. "इतकी वर्षं टांगून ठेवलंत! मी असते तर कधीच निघून गेले असते."

१२ मार्च

शाईची बाटली झाकून ठेवली. दोनदा खिडकीतून खाली वाकून पाहिलं, उगीच. पडला असेल का?

१३ मार्च

ठक्... ठक्... ठक्-ठक्! प्रिंटर तर बंद होता.

हिने दार उघडलं. दारात एक गृहस्थ, डोक्यापासून पायापर्यंत फिकट निळे. त्यांच्यातून मागचा जिना दिसत होता. एक हात नेहमीएवढा, दुसरा पार गुडघ्याखाली लोंबणारा.

"पाय पुसून या," ही म्हणाली. "लादीला निळं लागेल."

तो पाय पुसून आला आणि माझ्यासमोर बसला. "शाई भरा. असा पुसट किती दिवस राहू?"

टाक बुडवला. हात थरथरायला लागला. त्याने तो लांब झालेला हात पुढे केला आणि माझं मनगट घट्ट पकडलं.

"काढा तुम्ही. धरून ठेवायची सवय आहे मला."