न चाखलेला रस

भांडुप

प्रिय रुचिरा,

बोरिवलीला माहेरी नीट पोचलीस ना? फोन केला असता, पण मी अनयचं नाव काढलं की तुला लगेच कुकरची शिट्टी ऐकू येते. रविवारी तो पुन्हा लग्नाचं विचारायला येणार आणि तू पुन्हा नाही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून बरणीसोबत हे पत्र पाठवतेय. पूर्ण वाच.

काल आंब्याचा रस आटवला. तू नाहीस, मग टोप धरणार कोण? शेजारच्या कमलला बोलावलं. बिचारी हाताला जुनी साडी गुंडाळून बसली होती, आणि रस तडतडून उडाला की देवाचा धावा करत होती. प्रीतम असता तर पोट धरून हसला असता. टोप धरायचा आणि सारखं चाखायचं, हे त्याचं काम. लाकडी कालथा रसात उभा राहिला की गॅस बंद करायचा, एवढं मला कळतं. गोडीचं मात्र सगळं माझ्या लेकाच्या जिभेवर होतं. गावाहून आंब्याची पेटीही तोच आणायचा.

तुमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तो गेला. गेलेल्या माणसामागे आपल्यात काहीतरी सोडतात. मी त्याच्या आवडीचा आंबा सोडला. रस मात्र तुझ्यासाठी करत राहिले. आंबे स्टेशनबाहेरून आणायचे, साखर जुन्याच मापाने घालायची, चाखायचं नाही. तू पोळीला लावून खायचीस आणि म्हणायचीस, आई, झकास! माझा उन्हाळा तेवढ्यावर निघायचा.

काल कमलने बोट लावून चाखलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, सुलक्षणाताई, आंबट आहे हो, गेल्या वर्षीचाही असाच होता. मला रागच आला. ती गेल्यावर प्रीतमच्या फोटोकडे पाहिलं आणि चमचाभर तोंडात घातला. आंबटढाण! ओट्याशी उभी राहून खूप रडले गं. एवढी वर्षं तू हे गिळत होतीस.

अनयलाही तू माझ्यासाठीच नाही म्हणतेस. आई एकटी पडेल, हेच ना? मी एकटी आहेच, बाई. तू माझ्याबरोबर एकटी राहिलीस म्हणून माझं एकटेपण कमी होणार नाही. माझं मन राखायला आता काहीही गिळू नकोस. मी आंबा पुन्हा धरलाय. साखर वाढवून, चाखून चाखून ही बरणी भरली आहे. रविवारी अनयला पोळीबरोबर वाढ आणि हो म्हण. पुढच्या मे महिन्यात दोघं इकडे या. टोप धरायला माणूस लागतो.

तुझीच,
आई