‘हिचे’ नावाची फाईल

३ जानेवारी
संकल्प: तीन महिन्यांत हिला इकडे आणायचं. लग्नाला आठ महिने झाले, अजून सगळा संसार फोनवरच. व्हिसाच्या कागदपत्रांची यादी प्रिंट केली. पासपोर्ट, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला. किरकोळ काम. एजंट कशाला हवा? नवी फाईल केली, वर ठळक लिहिलं, ‘हिचे’.

५ जानेवारी
यादीच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ निघाली. पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला. आहे कपाटात, बंद लिफाफ्यात. उद्या काढतो.

१९ जानेवारी
ऑफिसात कामाचा लोड. शिवाय कपाटाचं कुलूप अडकतं.

२ फेब्रुवारी, सकाळी ७
काढला. उघडून वाचला नाही. वाचायचं काय त्यात? चार वर्षं झाली, मी पूर्ण सावरलोय. डोळ्यांच्या दवाखान्याचं मात्र तिच्या नावाने अजून दर सहा महिन्यांनी पत्र येतं, तपासणीला या म्हणून. कळवायचं राहून जातंय. पत्रं ड्रॉवरमध्ये तिच्या चष्म्याशेजारी ठेवतो. पसारा नको म्हणून.

९ फेब्रुवारी
हिचा फोन. कुठवर आलंय, विचारत होती. तिकडे शेजारणी हिच्या आईला रोज टोचतात म्हणे, जावयाने फसवलं तर नाही ना? मी म्हटलं, काळजी सोड, सगळं माझ्या हातात आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं. ती होती तेव्हा तशीच खोकायची. उठून पाहिलं. फ्रिज होता.

१६ फेब्रुवारी
एका बैठकीत फॉर्म संपवला! पत्नीची जन्मतारीख तर कागद न बघता लिहिली. स्मरणशक्ती शाबूत आहे. कपाटातून ‘हिचे’ फाईल काढली, झेरॉक्स जोडल्या, लिफाफा बंद. ही फोनवर म्हणाली, एकदा तपासून घ्या हो. मला हसू आलं.

११ एप्रिल
अर्ज परत. सोबत पत्र: आपण जिला बोलावू इच्छिता ती व्यक्ती, आपणच जोडलेल्या दाखल्यानुसार, चार वर्षांपूर्वी मयत आहे. कृपया खुलासा करावा.
कपाट उघडलं. ‘हिचे’ लिहिलेल्या दोन फायली, एक नवी, एक तिच्या वेळची. दोन्हींवर अक्षर माझंच.
दाखला आज वाचला. तिथेच जमिनीवर बसून रडलो.

१२ एप्रिल
हिला फोनवर खरं ते सांगितलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, त्यांची आठवण येते तुम्हाला, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे, त्याचं मला काही नाही. फक्त माझी जन्मतारीख सांगा बघू.
होल्ड कर म्हटलं, आणि फाईल आणायला उठलो.