मले सही येते

आई, वहिनीचे पैसे खात्यात सुखरूप आहेत, फक्त ते तिला मिळणार नाहीत. बँकेतल्या बाईंनी आज आम्हा दोघांना समोर बसवून तसं सांगितलं.

भाजी विकून वहिनीनेच थोडे थोडे टाकलेले हे पैसे. खातं गावातल्या किराणा दुकानात, अंगठ्याच्या मशीनवर उघडलेलं. आता दिवाळी झाली, वांग्याची रोपं आणायची आहेत आणि रोपवाला उधार देत नाही. पण वर्षानुवर्षं निंदण करून, भेंडी तोडून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. दुकानदार म्हणतो, "वहिनी, बोट धुऊन या, मशीन घेऊन नाही राह्यली." ती म्हणते, "धुऊन धुऊन साबन सरली. आता शेजारनीचं बोट आनू काय?" दुकानातले सगळे हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून तिला घेऊन तालुक्याच्या बँकेत गेलो. "मॅडम, मी सातवी शिकेल आहे. मले सही येते," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "तुमच्या सहीचा नमुनाच नाही आमच्याकडे. वाशीमच्या आधार केंद्रात जाऊन बोटं नव्याने नोंदवा."

मले सही येते. हेच वाक्य, याच खिडकीपाशी, तू होतीस तेव्हा मी तुझ्या तोंडून ऐकलं आहे. कारकून शाईचा डबा तुझ्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "अंगठा टेका बाई, मागं लाइन आहे." चुलीपुढच्या सारवणावर ओल्या बोटाने तू किती दिवस नाव गिरवलं होतंस, तव्यावरची भाकर करपली तरी. तू ती लाइन थांबवलीस आणि एकेक अक्षर काढलंस. अंगठा लावणाऱ्या बायांना हसणारी तीच खिडकी आता सही नको म्हणते, अंगठा मागते, आणि तो कष्टाने झिजला म्हणून परत पाठवते. वर म्हणायचं, बँक घरोघरी पोचली.

रोपांसाठी मी पैसे पुढे केले. वहिनीने हात मागे घेतला. "माह्ये पैसे असून तुमचे कायले घेऊ, भाऊजी? मुकादमाची उचल कामानं फिटते. तुमचं देनं कायनं फेडू?" ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की हंगामभर दादा आणि ती उसाच्या फडात, आणि वाफे कोरडे.

बोटं नोंदवायला मंगळवारी बोलावलं आहे. मुकादमाची गाडी सोमवारी येईल. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, याचं आज मला बरंच वाटतं आहे.