डाव्या हाताच्या गोवऱ्या

मी, हरीओम जानराव लहाने, वय ५१, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, राहणार अनसिंग, ता. जि. वाशीम, कोणाच्याही दबावाशिवाय, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे. पण परदेशात माझ्यासारखाच जुन्या कॉम्प्युटर गेमची चित्रं नवी करणारा एक कारागीर वारला आणि घरच्यांनी त्याचा कॉम्प्युटर भंगारात दिला. पंधरा वर्षांचं काम गेलं. माझं तसं जाऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

राहतं घर व दोन एकर शेत पत्नी वर्षाराणी हिला. पाट्यांचं दुकान मुलगी संस्कृती हिला. ब्रश केसांवर उभे ठेवू नयेत, वाकतात.

आता मुख्य. पंचवीस वर्षं जुन्या मोटार-शर्यतीच्या एका गेममधली पुसट चित्रं काढून मी अकरा वर्षांत त्या जागी नवी घातली. रस्ता, झाडं, भिंती, एकूण ६४३. आपल्याच गावचे फोटो घेऊन, सगळी हातानं, कोणाकडे न शिकता. मूळ फायली काळ्या हार्डडिस्कवर आहेत.

ती डिस्क पुतण्या विकास याला देऊ नये. "काका, मशीन पाच मिनिटांत करते," म्हणून त्याने माझं कपाशीच्या शेताचं चित्र आपोआप चित्र सुधारणाऱ्या एआय मशीनमधून काढलं. बोंडांचा पार साबणाचा फेस झाला. माफ केलं, पण डिस्क नाही. त्याने माझी मोटरसायकल घ्यावी.

डिस्क मी जुने गेम जपून ठेवणाऱ्या परदेशातल्या एका संग्रहाला देणार होतो. पण अकरा वर्षांत स्क्रीनकडे ढुंकूनही न बघणारी वर्षाराणी मागच्या रविवारी कप ठेवताना थांबली.

"ह्या गोवऱ्या कोनं थापल्या?"

"फोटो आपल्याच गोठ्याच्या भिंतीचा हाये."

"मंग अर्ध्या डाव्या हाताच्या काहून? आपल्या घरी डावखोरी बाई कोन हाये?"

भिंत लांबवायला मी तोच फोटो आरशासारखा उलटवून जोडला होता. तिथे गोवऱ्यांवरचे अंगठ्यांचे ठसे भलत्या बाजूला! चार हजार लोकांनी इंटरनेटवरून माझी चित्रं उतरवून घेतली, एकानेही पकडलं नाही. मी पोट धरून हसलो. अशी नजर घरात असताना संग्रह कशाला? डिस्क वर्षाराणीलाच.

मसुदा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमी मेल्यावर मी कोनाले विचारू? शिकवाचं तं आत्ताच शिकवा."

सबब, डिस्कचं हे एक कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्या सकाळी सातपासून लागू समजावे. बाकीच्या कलमांना घाई नाही.

दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सही केली. गोविंदाने हसत केली, म्हणून ती वाकडी आहे, खरी समजावी.

सही: हरीओम जानराव लहाने
साक्षीदार: १) गोविंदा किसन ठोंबरे २) हुकूमचंद जैन
ठिकाण: अनसिंग
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२४